रिग्ली फील्ड: मैदान आधी, संघ नंतर

शिकागोचे रिग्ली फील्ड हे बेसबॉलचे मैदान तेथील कब्स संघासाठीच बांधले गेले, असे कोणी म्हणत असेल, तर एक दुरुस्ती सुचवतो. चार्ल्स वीगमन यांनी हे मैदान १९१४ साली फेडरल लीग या बेसबॉल स्पर्धेतील आपल्या संघासाठी उभारले, ती लीग बंद पडल्यावर त्यांनी इतरांसोबत कब्स संघ विकत घेतला आणि १९१६ पासून तो तेथे खेळू लागला. रिग्ली हे नाव नंतरचे, च्युइंगगमच्या व्यवसायातील मालकांचे.

मला अधिक मोलाची वाटते ती दिव्यांची हकीकत. प्रकाशझोतांचे साहित्य १९४१ मध्ये जमवलेले होते, परंतु पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर ते युद्धकार्यासाठी देऊन टाकण्यात आले, आणि पुढे १९८८ च्या ऑगस्टपर्यंत कब्सचे घरचे सामने दिवसाउजेडीच होत राहिले. ८ तारखेला दिवे लागले खरे, पण पावसाने तो सामना धुऊन काढला. पहिला पूर्ण सामना दुसऱ्या दिवशी झाला.

सीमेवरच्या विटांच्या भिंतीवरील वेल १९३७ चे आहेत. चेंडू त्या पानांत अडकला की क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करून पंचांना खूण करतो आणि फटका मारणाऱ्याला दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावमार्गावरच्या दुसऱ्या टप्प्यावर, थांबावे लागते.