मदत हवी आहे: शार्लटजवळच्या गॅस स्टेशनात भागीदारी घ्यावी का? (मे 2021 चं पान पाहून अडलो आहोत)

नमस्कार मंडळी,

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटच्या जवळ राहतो. नवऱ्याचे मामेभाऊ 2018 पासून इथे एक गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप, आणि त्याला लागून असलेलं दुकान चालवतात. त्यांचा भागीदार आता मुलाकडे दुसऱ्या राज्यात चाललाय आणि त्याचा पाव हिस्सा आम्ही घ्यावा अशी भावजींची इच्छा आहे. रक्कम आमच्या सात-आठ वर्षांच्या बचतीएवढी. माणूस विश्वासाचा आहे, तो प्रश्नच नाही. सगळ्या वह्या त्यांनी आपणहून आमच्यापुढे ठेवल्या. त्यातलं एक पान मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीये.

ते पान मे 2021 चं. एरवी रोजची विक्री तीन हजार गॅलनच्या आसपास. सोमवारी, 10 तारखेला सहा हजार. मंगळवारी दुपारी टाकी रिकामी. बुधवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत पेट्रोलच्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघा. शेजारचा दुकानाचा रकाना त्याहून जास्त बोचतो. कॉफी, सँडविच, सिगारेट, लॉटरी सगळं मिळून निम्म्याच्या खाली. भावजी म्हणाले, "वहिनी, गॅलनमागे हातात चार-सहा सेंट उरतात. घर चालतं ते दुकानावर. पेट्रोल संपलं म्हणून नोझलला पिवळी पिशवी बांधली की कॉफीलाही कोणी वळत नाही."

ज्यांना तो आठवडा आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोलोनियल पाइपलाइन टेक्ससमधल्या ह्यूस्टनपासून न्यू जर्सीपर्यंत जाते, सगळे फाटे धरून लांबी सुमारे 8,850 किलोमीटर. पूर्व किनाऱ्याचं जवळपास 45 टक्के इंधन तिच्यातून येतं. 7 मे 2021 ला डार्कसाइड नावाच्या टोळीने कंपनीचे संगणक खंडणीसाठी कुलूपबंद केले. शिरकाव झाला तो वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून (व्हीपीएन म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची सोय). हल्ला पाइप चालवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पसरू नये म्हणून कंपनीने स्वतःच वाहिनी बंद केली. 75 बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे 44 लाख डॉलर दिले गेले. 12 तारखेच्या संध्याकाळी वाहिनी पुन्हा सुरू झाली.

बातम्यांमध्ये विषय तिथे मिटला. आमच्याकडे नाही. पाइपमधलं इंधन माणसाच्या चालीने सरकतं, तासाला तीन ते पाच मैल. ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला पोचायला अडीच आठवडे लागतात. आमच्या राज्यात एकही रिफायनरी नाही. त्यात लोक घाबरले. खोटं कशाला बोलू, अर्धी टाकी भरलेली असताना मीही चाळीस मिनिटं रांगेत होते, आणि माझ्या पुढच्या गाडीतला माणूस डिकीत चार कॅन भरून घेत होता. प्लास्टिकच्या पिशवीत पेट्रोल भरू नका, असं सरकारी सुरक्षा आयोगाला लोकांना सांगावं लागलं! राज्यातले निम्म्याहून जास्त पंप त्या दिवसांत कोरडे होते.

दोन दिवस दुप्पट विक्री झाली म्हणजे निदान थोडं तरी सुटलं असेल, असं मला वाटलं होतं. भावजींनी तेही खोडून काढलं. 10 तारखेला गव्हर्नरांनी आणीबाणी जाहीर केल्यावर नफेखोरीविरुद्धचा कायदा लागू झाला, आणि तो नसता तरी रोजच्या गिऱ्हाइकाला भाव वाढवून लावणं त्यांना पटलं नसतं. जुना माल जुन्या भावाने गेला, पुढचा टँकर महाग आला. सहा दिवसांचं भाडं, तिघांचे पगार आणि कर्जाचा हप्ता कोणासाठी थांबले नाहीत.

नवऱ्याचं म्हणणं, यापेक्षा सरळ शेअर घेऊ. पण तेव्हा त्या कंपनीचा शेअर बाजारात नव्हताच. मालकी कोक इंडस्ट्रीज (कोका-कोला नव्हे), केकेआर ही गुंतवणूक कंपनी, शेल आणि कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या लोकांचे पेन्शनचे पैसे सांभाळणाऱ्या संस्थांकडे होती. पेट्रोलचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदीचे भाव, रविवारी रात्री उसळले आणि सोमवारी बरेचसे खाली आले. देशाचा सरासरी दर 2014 नंतर प्रथमच गॅलनला तीन डॉलरच्या वर गेला. मोठ्या गुंतवणूकदाराने तो आठवडा पचवला. एका पंपाला ते कसं जमावं, हे मला समजून घ्यायचं आहे.

विम्याचं सांगते. त्यांच्या विमा कंपनीने दावा नाकारला. तुमच्या जागेत काही जळलं नाही, मोडलं नाही, मग धंदा थांबल्याची भरपाई कसली, असं उत्तर. पुरवठा करणाऱ्याकडे बिघाड झाला तर भरपाई देणारी जोड-पॉलिसी असते असं ऐकलंय. इथे कोणी ती घेतली आहे का, आणि कधी दावा खरोखर मंजूर झालाय का? एजंटाचं बोलणं नको, अनुभव हवा.

दुसरं, या पंपावर मोठ्या कंपनीची पाटी नाही. जॉबरकडून, म्हणजे इंधनाच्या घाऊक व्यापाऱ्याकडून, त्या-त्या दिवसाच्या रॅक भावाने (टँकर भरण्याच्या डेपोवरचा घाऊक भाव) माल घेतात. एरवी ते स्वस्त पडतं, पण टंचाईत आधी पाटीवाल्यांचा कोटा भरतात. त्या आठवड्यात तुमच्यापैकी कोणाच्या पाटीच्या पंपाला टँकर किती आधी मिळाला? दीर्घ मुदतीचा करार आणि छतापासून सगळं त्यांच्या रंगात करण्याचा खर्च त्यासाठी परवडतो का?

आणि हिस्स्याची किंमत ठरवताना असा आठवडा कसा धरायचा? भावजींचा सीपीए (इथला सनदी लेखापाल) म्हणतो, एकदाच घडलेली गोष्ट आहे, बाजूला काढा.

भर, दुसऱ्या दिवशी:

उत्तरांबद्दल मनापासून आभार. एकांनी 2016 ची आठवण करून दिली ते फार बरं झालं. तेव्हा सप्टेंबरमध्ये अलाबामात याच वाहिनीची पेट्रोलची लाइन फुटली आणि बारा दिवस बंद राहिली. ऑक्टोबर अखेरीस तिथेच दुरुस्ती चालू असताना स्फोट होऊन पुन्हा बंद. म्हणजे पाच वर्षांत तीनदा. "एकदाच घडलेली गोष्ट" आता मी मान्य करणार नाही. तोट्याचा एक आठवडा दर दोन-तीन वर्षांनी येणार असं धरून मी आकडे पुन्हा मांडतेय आणि दोन महिन्यांचा पगार-हप्ता वेगळ्या खात्यात ठेवायची अट करारात घालावी असं मनात आहे.

पण 2016 च्या वह्या जुन्या मालकाबरोबर गेल्या. कॅरोलायना, जॉर्जिया किंवा टेनेसीत तेव्हा ज्यांचा पंप होता त्यांनी कृपया सांगा: किती दिवस कोरडे होतात, आणि दुकानाची विक्री पूर्ववत व्हायला किती आठवडे लागले? भावजींना रविवारी जेवायला बोलावलंय, त्याआधी कळलं तर फार मदत होईल.