माळवदाचे घर भूकंपात कितपत टिकते?

प्रश्न (कळमनुरी तालुका, हिंगोली)
21 मार्च 2024 रोजी सकाळी सहानंतर आमच्याकडे दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, त्यांपैकी पहिला 4.5 तीव्रतेचा होता. 10 जुलैला पुन्हा तेवढाच बसला. आमचे घर आजोबांनी बांधलेले, माळवदाचे (लाकडांवर मातीचे सपाट छत असलेले) आहे. दोन हात रुंद भिंत पडणार नाही, असे आई ठामपणे म्हणते. किल्लारीचा अनुभव असणाऱ्यांना काय वाटते?

उत्तर (औसा)
आमच्याकडेही जाड भिंतीवर असाच भरवसा होता. 1992 च्या ऑक्टोबरपासून किल्लारी परिसरात छोटे धक्के बसत होते, पण घरे उभी राहिली म्हणून लोक निर्धास्त झाले. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणपती विसर्जन आटोपून सारे झोपलेले असताना, पहाटे चारच्या सुमारास 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर, मंगरूळ यांसारखी गावे ढिगारा झाली. आमच्या घराची भिंत मी नंतर जवळून पाहिली: आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन वेगळे थर, मध्ये चिखल आणि कपच्या. बाहेरचा थर अंगणात ढासळला, आतला अंथरुणांवर कोसळला आणि दर पावसाळ्यापूर्वी थरावर थर चढवलेली माळवदाची माती वरून आली. खणाचे लाकडी खांब मात्र उभे होते.

उत्तर (लातूर, बांधकाम अभियंता)
वरील अनुभवात उत्तर आलेच आहे. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप जवळपास याच तीव्रतेचा होता, तरी तिथे सुमारे 180 माणसे दगावली, तर इकडे हजारो. उथळ केंद्र, दाट वस्ती आणि डोक्यावरचे हे ओझे यांमुळे हानी वाढली, असे माझे मत आहे. तुमच्याकडच्या 4.5 च्या धक्क्यापेक्षा किल्लारीत सुमारे साडेतीनशे पट ऊर्जा बाहेर पडली होती, त्यामुळे तुमचे घर 4.5 च्या धक्क्यात टिकले हा पुरावा धरू नका. माळवदावरची माती उतरवून पत्रे घालावेत, भिंतीत ठिकठिकाणी आरपार काँक्रीटचे सांधे बसवावेत आणि दार-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा सलग पट्टा द्यावा. हे सारे जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे.

प्रश्नकर्ता
आईला वाचून दाखवले. तिला खांबांची गोष्ट पटली. यंदा माळवदावर नवी माती टाकणार नाही. जुनी उतरवायला गडी सांगतो.