दोघांच्या घरात इतका कचरा येतो कुठून?

दुसरा_मजला:
आम्ही दोघंच. कर्वेनगर, दुसरा मजला, टीचभर बाल्कनी. पाडव्याला ठरवलं, घरातला कचरा निम्मा करायचा. आता श्रावण लागला. निम्मं झालंय ते फक्त आमचं एकमेकांशी बोलणं.

गेल्या आठवड्यात प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा काढला आणि सात दिवस सगळं वजन करून लिहून ठेवलं. ओला ५ किलो ८००, सुका १ किलो ९००. ओल्यातली सालं-देठं समजू शकतो. पण काळी पडलेली अर्धी कोथिंबीर, तीन शिळ्या पोळ्या आणि फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात समाधिस्थ झालेलं अख्खं पडवळ? खरं सांगायचं तर भाजी मीच आणतो. रविवारी मंडईत गेलो की राहवत नाही. जुडी स्वस्त दिसली की दोन घेतो.

सुक्यात जास्त वाटा बायकोचा, असं मी म्हणालो आणि तिथेच बिनसलं. तिला घरी यायला साडेआठ होतात, त्यामुळे फोनवरून सामान मागवते. परवा एक नारळ आला. कागदी पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात नारळ. नारळाला देवाने करवंटी दिलेली आहे, हे यांना कोणी सांगायचं? ती म्हणाली, "माझा कचरा खोक्यातून येतो म्हणून दिसतो. तुझा भाजी होऊन येतो."

त्यात कंपोस्टच्या तीनमजली कुंड्या आणल्या. मे महिना झकास गेला. पाऊस सुरू झाला आणि वास, चिलटं, पांढऱ्या जाड अळ्या. त्यातली एक खालच्या काकांच्या वाळत घातलेल्या बनियनवर उतरली. काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, लाल गोल करून.

तर अळ्यांचं काय करू? दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं कुठे द्यायची? आणि तिच्याशी हिशेब न मांडता हे पुढे कसं न्यायचं?

कंपोस्टवेडी:
अळ्या मारू नका. वर्णनावरून काळ्या सोल्जर माशीच्या वाटतात. घरमाशीसारखी ही माशी अन्नावर घोंघावत नाही, अळ्या खरकटं भराभर खातात आणि मोठ्या झाल्या की कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. काकांचं बनियन कोरडं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. कुंडीच्या तोंडाला जुनं सुती कापड ताणून बांधा.

वास मात्र ओलीमुळे. पाणी जास्त झालं की आत हवा राहत नाही आणि सगळं कुजतं. मूठभर ओल्यावर निदान मूठभर सुकं पडलंच पाहिजे. पावसात वाळका पाला मिळत नाही, तो फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत पोत्यात भरून ठेवायचा असतो. आता कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा चुरा) आणा, नाहीतर नारळाच्या शेंड्या कातरून घाला (तो नारळ असा कामाला येईल). सुताराकडचा भुसा चालतो, पण प्लायवुडचा नको, त्यात डिंक असतो. मूठ दाबल्यावर हात ओलसर झाला पाहिजे, पाणी गळता कामा नये. वाटीभर आंबट ताक शिंपडा, आणि दोन दिवसांआड हलवा. आमटी-भाजीचं खरकटं सध्या अजिबात नको.

सांगलीकर_वहिनी:
तीन पोळ्या उरल्या याचा अर्थ कणीक भिजवताना जेवायला कोण आहे ते माहीत नव्हतं. संध्याकाळी सहाला एक फोन करता का हो तिला, "जेवायला आहेस ना" म्हणून? आमच्याकडे ह्यांच्या शिफ्ट होत्या तेव्हा मी शिळ्या पोळ्यांचा कुस्करा करकरून कंटाळले. शेवटी कणीक रात्रीपुरतीच भिजवायला लागले.

कोथिंबीर आणल्या दिवशी निवडा. धुवू नका. मुळं कापून कोरड्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. आठवडा जातो. देठं वाटणात. आणि पडवळ बायकोला आवडतं का, ते आणायच्या आधी विचारा.

सदाशिव_पेठी:
दोन माणसांत दोन जुड्या! बकरी पाळा.

सुका_कचरा:
कचरावेचकांच्या संस्थेसोबत काही वर्षं काम केलंय, म्हणून पिशव्यांचं सांगतो. आपल्याकडे पुण्यात कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना घरामागे महिन्याचे पैसे मिळतात, पण सुक्यातला माल विकून येणारे पैसेही त्यांचेच. दुधाची पिशवी विसळून वाळवून दिलीत तर ती माल, आंबलेली दिलीत तर घाण. कोपरा कापून वेगळा करू नका, नुसती चीर द्या. तो नखाएवढा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. पुठ्ठ्याची खोकी चिकटपट्टी काढून सपाट करा.

वेफर्सच्या पाकिटाला मात्र रद्दीवाला हात लावत नाही. प्लॅस्टिक आणि चमकता थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की वेगळे करणं परवडत नाही. ती घरात न येणं हाच उपाय. दुकानात मिळणाऱ्या 'कापडी'सारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्याही बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच. आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळं द्या. नाहीतर ताईंना प्रत्येक पुडी उघडून बघावी लागते.

दुसरा_मजला:
सगळ्यांचे आभार, बकरीवाल्यांचेही.

तीन आठवडे झाले. कुंडीचा वास गेला. अळ्या आहेत, पण कापडाखाली. काकांना मूठभर तयार खत नेऊन दिलं, त्यांनी ते आधी हुंगलं आणि मग तुळशीत घातलं. फोटो अजून ग्रुपवर आहे.

वहिनी, फोन करतो. पहिल्या दिवशी "काय झालं? सगळं ठीक आहे ना?" असं घाबरून विचारलं तिने. आता मंडईची यादी ती करते आणि मी यादीबाहेरचं एकच काही आणू शकतो. तिने सामान मागवणं सोडलेलं नाही, पण रोजच्या ऐवजी शनिवारी एकदम मागवते. ओला ३ किलो ९०० वर आला, सुका १ किलो ४००. निम्मं नाही झालं.

पडवळ तिला लहानपणापासून आवडत नाही म्हणे. लग्नाला सहा वर्षं झाली.