पहाटे लिहायला उठवणारा कोणीतरी हवाच
पहाटे एकट्याने लिहिणं चार दिवसांत बारगळतं, हे शंभर टक्के खरं. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यातली नोकरी सांभाळून साडेपाचला टेबलाशी बसायचा, घड्याळ लावून पाव तासाला २५० शब्द लिहायचा. पण उठायचा मोतद्दाराच्या, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या नोकराच्या जिवावर! त्यासाठी त्याला वर्षाला ५ पौंड जादा द्यायचा.

आमचा बिनपगारी मोतद्दार म्हणजे व्हिडिओ कॉल. तिघं-चौघं जॉइन होतो, माइक बंद, कॅमेरा वहीवर. कोणी उगवलं नाही तर ग्रुपवर नुसतं प्रश्नचिन्ह टाकायचं, बस्स. एक मात्र पाळा, तिथे वाचून दाखवायचं नाही. एकदा का वाहवा सुरू झाली की लिहिणं राहतं बाजूला. वाचनाला रविवार आहे की!