खुनी कोण ते माहितीये, तरी परत तेच पुस्तक का वाचायचं?

पानखूण (मूळ धागा)
परवा मैत्रिणीने माझ्या हातात परत तेच पुस्तक बघितलं आणि म्हणाली, अगं खुनी कोण ते तुला पाठ आहे, मग वाचतेस काय त्यात? तेव्हा उत्तर सुचलं नाही म्हणून इथे लिहितेय.

मी कोझी मिस्टरी वाचते. म्हणजे लहानसं गाव, खून होतो पण रक्ताची थारोळी नाहीत, कुणीतरी चौकस आजीबाई नाहीतर लायब्ररीतली बाई शोध लावते आणि शेवटी सगळं मार्गी लागतं. जोडीला फीलगुड कादंबऱ्या. नवीन पुस्तकंही वाचते, पण चार अशी आहेत की दर वर्षी एकदा होतातच. त्यातल्या एकाची शिवण उसवलीये, ११३ ते १२८ ही पानं सुटी झालीयेत, उघडताना हाताने धरून ठेवावी लागतात.

आईचं ऑपरेशन होतं तेव्हा दवाखान्यात बाहेर बसायचे. नवीन पुस्तक नेलं होतं, एकच पान चारदा वाचलं तरी डोक्यात शिरेना. दुसऱ्या दिवशी हे जुनं नेलं आणि ते चाललं, कारण कोण कुणाचा भाऊ हे लक्षात ठेवायला लागत नव्हतं, नर्सने मधेच हाक मारली तरी परत कुठूनही सुरू करता येत होतं. याला लोक टाइमपास म्हणतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. माझ्या मते हे पूर्ण वाचन आहे.

निशाचर
दवाखान्याचं समजू शकतो, त्याबद्दल वाद नाही. पण दर वर्षी? साधं गणित करा. वर्षाला २५ पुस्तकं धरली तर ४० वर्षांत १०००. त्यात दर वर्षी चार जुनी म्हणजे १६० नवीन पुस्तकं तुमच्या आयुष्यात येणारच नाहीत. १६० लेखक तुम्हाला कधी भेटणारच नाहीत, हे मला फार मोठं नुकसान वाटतं.

आणि रहस्यकथा तर मुळात एकदाच वाचायची गोष्ट आहे. ऑडेन हा कवी, त्याला डिटेक्टिव्ह कथांचं तंबाखूसारखं व्यसन होतं, १९४८ च्या निबंधात तो स्वतःच तसं लिहितो, आणि तोच म्हणतो की गोष्ट संपली की मी विसरतो आणि ती परत वाचावीशी वाटत नाही. एवढा चाहता असून!

शब्दकिडा
निशाचर, रहस्यकथा एकदाच वाचायची हे अजिबात पटलं नाही. रोनाल्ड नॉक्स या रहस्यकथा लेखकाने १९२९ मध्ये डिटेक्टिव्ह कथेचे दहा नियम लिहिले, त्यातला एक असा की गुप्तहेराला सापडलेला क्ल्यू वाचकाला लगेच दाखवलाच पाहिजे. म्हणजे नीट लिहिलेल्या कथेत उत्तर आधीपासून पानावर असतं, पहिल्यांदा आपण त्यावरून सरळ पुढे जातो. ते कसं लपवलं हे बघायला दुसरं वाचन लागतंच!

अगाथा ख्रिस्तीचं १९२६ चं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' घ्या. त्यात एका ठिकाणी लागोपाठच्या दोन वाक्यांमध्ये दहा मिनिटं निघून गेलीत, दोन्ही वेळा स्पष्ट दिल्यात, लेखिका काहीही खोटं बोललेली नाही. कुठे ते सांगत नाही, न वाचलेल्यांची मजा जाईल. मला ती जागा दुसऱ्या वाचनात दिसली आणि मी पुस्तक मिटून तसाच बसून राहिलो.

शिवाय २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत प्रयोग झाला होता, ज्यांना शेवट आधीच सांगितला त्यांनाही कथा आवडल्या, उलट थोड्या जास्तच.

निशाचर
तो प्रयोग लघुकथांवर होता आणि लोक त्या पहिल्यांदाच वाचत होते. त्यावरून विसाव्यांदा वाचण्याचं समर्थन होत नाही.

उंबरठा
माझा आक्षेप वेगळा आहे, परत वाचण्यावर नाही, या प्रकारावरच आहे. आमच्या घरात एक अचानक मृत्यू झाला. पोलिस, पंचनामा, सह्या, आणि नंतर कित्येक महिने त्या माणसाच्या चपला दाराशी तशाच. कुणाची हलवायची हिंमत नाही. त्यानंतर मला ही पुस्तकं वाचवत नाहीत. त्यात मेलेला माणूस बहुतेक वेळा कुणालाच नको असलेला असतो, तिसऱ्या प्रकरणात सगळे गप्पा मारत हसतायत, त्याच्यासाठी कुणी रडत नाही. तुम्हाला ज्यातून धीर मिळतो तो कुणाच्या तरी मरणाला हलकं करून मिळतो, हे मला सहन होत नाही.

पानखूण
उंबरठा, तुमचं वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही. तुमचं म्हणणं खरं आहे आणि बऱ्याच कोझींना ते लागू पडतं. मी इतक्या वेळा वाचूनही मेलेल्या माणसाकडे कधी तसं बघितलं नव्हतं.

पण सगळ्याच हलक्याफुलक्या पुस्तकांना एका माळेत ओवू नका एवढीच विनंती. कावागुचींची ती जपानी कॅफेवाली कादंबरी, 'बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड', २०१५ ची, ती फीलगुडच्याच कप्प्यात असते. त्यात भूतकाळात जाता येतं, पण काहीही केलं तरी वर्तमान बदलणार नाही हा नियम आहे, आणि कॉफी गार व्हायच्या आत परत यायचं. गेलेलं माणूस परत येत नाही, फक्त बोलायचं राहिलेलं बोलता येतं. तिथे दुःख हलकं केलंय असं मला नाही वाटत. आत्ता वाचा असं मुळीच म्हणत नाही.

उंबरठा
नाव लिहून ठेवलंय. कधी वाचेन माहीत नाही.

निशाचर
शब्दकिडा, काल रात्री अ‍ॅक्रॉइड परत काढलं. दहा मिनिटं सापडली. कॉलेजात असताना वाचलं होतं तेव्हा डोळ्यासमोरून गेली होती, आणि काल ती ओळ दिसल्यावर आधीची सगळी पानं परत चाळली. दुसरं वाचन मान्य. विसावं अजूनही नाही, त्यात नवीन काय सापडणार सांगा?

पानखूण
विसाव्या वेळी मी क्ल्यू शोधत नसते हो. त्या सुट्या पानांमध्ये एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे, ऑपरेशन थिएटरचं दार उघडून डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी तिथपर्यंत वाचलं होतं. दर वर्षी त्या ओळीपाशी आले की थोडं थांबते, आणि मग पुढे वाचते.