शिबपूरचे वनस्पती उद्यान : अर्धा दिवस पुरेल का?

प्रश्न (परभणी) : दिवाळीत आई-वडिलांसह कोलकात्याला जाणार आहोत. हावड्याजवळील १७८७ सालचे हे उद्यान पाहण्यास अर्धा दिवस पुरेल का? वडिलांचे गुडघे दुखतात.

उत्तर (नांदेड) : पुरेल, मात्र उद्यान सुमारे १०९ हेक्टरांचे असल्याने सगळे पाहण्याचा हट्ट न धरता थेट महावटवृक्ष गाठावा. बुरशी लागल्यामुळे त्याचे मूळ खोड १९२५ साली काढून टाकले, तरी जमिनीत रुजून खांबांसारख्या झालेल्या हजारो पारंब्यांवर तो उभा आहे. आमच्या आजी मात्र मधले खोडच शोधत बसल्या होत्या!

उत्तर (लातूर) : आपल्या कोरड्या हवेची सवय असल्याने तिथला दमटपणा जाणवतो, सदरा अंगाला चिकटतो. पाणी आणि घडीची खुर्ची सोबत ठेवावी.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. खुर्ची शेजारच्या काकांकडून मागून घेतो.