परसातले टर्फ आणि ‘शून्य देखभाल’

कातळकर:
कोकणातल्या घराच्या परसात टर्फ, म्हणजे प्लास्टिकचे कृत्रिम गवत, अंथरले की पाणी नको, कापणी नको, देखभाल शून्य आणि मुलांना बारमाही खेळ, असे काल येथे एका सदस्यांनी लिहिले. मी गप्पच बसणार होतो, पण ‘बारमाही’ हा शब्द काही केल्या गिळवेना. रत्नागिरीजवळ आमच्या परसात बॉक्स क्रिकेटसाठी टर्फ तीन वर्षांपूर्वी मीच हौसेने घालून घेतले, त्यामुळे सांगतो ते ऐकीव नाही. मे महिन्यात दुपारी दीड वाजता, हवा ३४ अंशांवर असताना, त्या पृष्ठभागाचे तापमान माझ्या मापकावर ६३ अंश भरले आणि शेजारच्या हरळीचे ३७. खरे गवत पाण्याची वाफ सोडत स्वतःला थंड राखते. प्लास्टिकच्या पात्यांना ती सोय नाही, आणि त्यांच्या बुडाशी भरलेला रबराचा काळा चुरा ऊन पीत बसतो. भाचा त्यावर अनवाणी धावला आणि त्याच्या तळपायांना फोड आले. पावसाळ्यात आंब्याखालचा कोपरा शेवाळला, तेथे वडील घसरले आणि मनगट मोडून बसले. उघड्यावर घातले तर वैशाखात भाजते आणि सावलीत घातले तर श्रावणात घसरवते. मग खेळायचे कोणत्या महिन्यात?

मालवणी टर्फप्रेमी:
ते लेखन माझेच आहे, त्यामुळे उत्तरही मीच देतो. वडिलांना इजा झाली याचे वाईट वाटते, परंतु दोष टर्फचा नसून त्याखालच्या कामाचा आहे. जांभ्यावर नुसती माती चोपून वर टर्फ चिकटवले, तर पाणी तुंबणारच. उतार काढून, खडीचे थर नीट दाबून, कडेने गटार दिले की मुसळधार सरीनंतरही पाणी ओसरते. आमच्याकडे तीन पावसाळे ओसरले आहे. रबराऐवजी वाळू भरली की तापही थोडा कमी होतो. राहता राहिली दुपार. दीड वाजता कोकणात कोण खेळते? त्या वेळी माणसे जेवून आडवी झालेली असतात.

वऱ्हाडी पाहुणा:
३४ अंशांना आपण ऊन म्हणता, याचे आम्हां अकोलेकरांना कौतुक वाटते. येथे पारा ४५ अंशांवर जातो, तरी आमच्या वाड्यामागच्या टर्फवर पाणी शिंपडून मुले साडेपाचला खेळायला उतरतात. आपणही पाणी मारावे.

कातळकर:
पाहुणे, आपल्या घरी वाळ्याचा कूलर चालतो, आमच्या घरी तो केवळ भिंती ओल्या करतो. कारण एकच आहे. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. समुद्रकाठच्या दमट हवेत ते रेंगाळते. अंगावरचा घामसुद्धा जेथे वाळत नाही, तेथे खालून तापलेले टर्फ म्हणजे शेगडीवर उभे राहणे. शिवाय एप्रिलमध्ये पाणी आणायचे कोठून? विहिरीने तळ गाठलेला असतो.

सांजवात:
हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात आमच्या वाडीला मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि पलीकडच्या बंगल्यात मुंबईहून दहा दिवसांसाठी आलेले कुटुंब प्लास्टिकच्या गवताला अंघोळ घालते. गेल्या वर्षी मी दोन हंडे घेऊन कुंपणाशी उभी राहिले, तेव्हा कोठे त्यांची नळी बंद झाली.

मालवणी टर्फप्रेमी:
चाकरमान्यांवर घसरल्याशिवाय येथील कोणतीही चर्चा पुरी होत नाही. गावातली घरे आम्हीच पैसे पाठवून उभी ठेवली आहेत.

सांजवात:
घरे उभी ठेवलीत, हे मान्य. बाकीचे अकरा महिने त्या घरांचे अंगण कोण झाडते, तेही कधीतरी लिहा.

ह्यूस्टनकर:
दोघांनीही क्षणभर थांबावे. हे गवत ज्यामुळे नावारूपाला आले, तो अ‍ॅस्ट्रोडोम आमच्याच गावात आहे. १९६५ साली ते छत असलेले क्रीडागृह उघडले. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या प्रखर उजेडात खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगवली, त्यामुळे आतले खरे गवत मेले आणि १९६६ साली तेथे कृत्रिम गवत आले. म्हणजे ही युक्ती छताखालची होती. आपण ती उघड्यावर आणली. येथील ऑगस्टही तुमच्या मे महिन्यासारखाच चिकचिकीत असतो. आमच्या परसातल्या टर्फवर मी उंच सावलीचे कापड ताणले आहे, तरीही सूर्य मावळल्याशिवाय मुलांना सोडत नाही. कुत्र्याने त्यावर नैसर्गिक विधी उरकल्यानंतर दमट हवेत जो दर्प साठतो, त्याविषयी जाहिरातदार मौन पाळतात.

कातळकर:
रबराच्या चुऱ्याचे आणखी एक आहे. सूक्ष्म प्लास्टिक मातीपाण्यात पसरते म्हणून युरोपीय महासंघाने २०२३ साली असल्या भरावाच्या विक्रीवर बंदीचा नियम केला आणि त्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली. आमच्या सरींत तो चुरा थेट पऱ्ह्यात वाहून जातो. गटाराच्या तोंडाशी मी तो घमेल्याने गोळा केला आहे.

मालवणी टर्फप्रेमी:
ठीक आहे. आपल्या घमेल्याच्या सन्मानार्थ ‘बारमाही’ हा शब्द मी मागे घेतो. ‘ऑक्टोबर ते मे, सायंकाळी सहानंतर’ असे वाचावे. रबर नको, हे तर मी आधीच म्हटले होते. ‘शून्य देखभाल’ मात्र मागे घेणार नाही, कारण तीन वर्षांत मला त्या टर्फला हात लावावा लागलेला नाही.

कातळकर:
आंब्याचा पाचोळा, पावसाळ्यातले शेवाळ आणि बसलेली वाळू पुन्हा सारखी करण्यासाठी मारावा लागणारा ब्रश, हे सगळे मग आपोआप होते काय?

मालवणी टर्फप्रेमी:
ते आमचा गडी करतो. तो तसाही रोज येतोच.

सांजवात:
त्याला महिन्याला किती देता?